एकट्याचं साटंलोटं

मेल्विन,

पहिलीपासून मी तुला मेल्या म्हणत आलो. तुझ्या आईला ते अजिबात आवडायचं नाही. बाप्तिस्म्याचं नाव आहे, धड घे, असं त्या दरवेळी सांगायच्या आणि मी दरवेळी विसरायचो. आता विसरता येत नाही. ती हाक ओठापर्यंत येते आणि तिथंच थांबते. म्हणून आज पूर्ण नाव.

तुझ्याशी खोटं बोलायला काही कारण उरलेलं नाही, तेव्हा सरळ सांगतो. तुझ्या दफनाच्या दिवशी मला आधी हेवा वाटला, रडू नंतर आलं. चर्चचं आवार भरून माणसं रस्त्यावर उभी होती. भुईगावच्या त्या गल्लीत स्कूटर लावायला जागा नव्हती. अर्नाळ्याची कोळ्यांची पोरं आली होती, वसई पूर्वेच्या बिल्डिंगांमधून तुला फक्त टीव्हीवर पाहिलेले लोक आले होते. मी पेटीला खांदा दिला होता आणि मनात हिशेब चालला होता की माझ्या वेळी किती येतील. घरचे, वाडीतले, गाळ्यातले दोन-चार फिटर. आणि जे येतील ते हळूच एकमेकांना विचारतील, हाच ना तो, मॅच सोडलेला गोलकीपर?

नाक्यावर तुझा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यात तू हसतो आहेस, अंगात जिल्ह्याची पिवळी जर्सी. तो फोटो आपल्या दोघांचा होता. फ्लेक्सवाल्याने मला कापलं, पण तुझ्या खांद्यावरचा माझा हात त्याला काढता आला नसावा. हिरवा ग्लोव्ह घातलेला एक हात तुझ्या खांद्यावर कुठूनसा येऊन बसला आहे. लोक तिथं थांबून हात जोडत होते. मी त्या ग्लोव्हकडे बघत उभा राहिलो.

हेव्याची सुरुवात घरातूनच झाली. माझे बाबा केळीच्या वाडीतलं काम टाकून तुझा खेळ बघायला यायचे. पापडीच्या मैदानात कुंपणाला टेकून उभे राहायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, ‘मेलविनच्या डाव्या पायात देव हाय.’ आणि आपला नरेश, असं आईने विचारलं की म्हणायचे, ‘तो पन धावतो.’

मी धावायचो, आणि तुझ्यामागेच धावायचो. तुझ्यासारखा फॉरवर्ड मी कधी होणार नव्हतो हे मला सातवीत कळलं. मग एके दिवशी मी गोलमध्ये जाऊन उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, उंची वाढली म्हणून. खरं कारण वेगळं होतं. मैदानात ती एकच जागा होती जिथून तुला अडवता आलं असतं. मी गोलकीपर झालो तो तुझ्यासाठी, मेल्विन, आणि हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुझा एखादा शॉट अडवला की तो दिवस सोन्याचा व्हायचा. गोल झाला की तुझ्या पाठीवर थाप मारायला मीच पहिला पुढे यायचो, कारण माझं तोंड कुणी नीट बघू नये असं वाटायचं.

मग आपण दोघंही लीगमध्ये गेलो. तू मोठ्या क्लबात, मी लहानशा. तुझ्या क्लबाची स्वतःची बस होती. आमच्यात ग्लोव्हज फाटले तर ते शिवून वापरायचे. तरी मी खूश होतो. पापडीतून लीग खेळायला गेलेला गोलकीपर म्हणून लोक ओळखत होते आणि तुझ्यापासून लांब, माझं मला काहीतरी मिळालं होतं.

त्या मॅचबद्दल आपण इतक्यांदा भांडलो, पण सलग कधीच बोललो नाही. आज मी सलग बोलतो, तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस.

तुझ्या क्लबाला वरच्या विभागात जायला ती मॅच जिंकायला हवी होती. आम्हाला हरलो काय, जिंकलो काय, सारखंच. आदल्या दिवशी तुमच्या चर्चचा सण होता. तुझ्या आईने मला निरोप पाठवला, जेवायला ये. मी आलो. आपण अंगणात बसून मटण आणि पिठाचे तळलेले गरम फुगे खाल्ले, तुझ्या चुलतभावाने फोटो काढला आणि सगळ्या जगाला दाखवला. दुसऱ्या दिवशी तू तीन गोल केलेस. पहिले दोन कुणालाच अडवता आले नसते. तिसरा माझ्या हातातून सुटला. चेंडू एका उंचवट्यावर आपटून वळला, माझ्या बोटांना लागला आणि आत गेला. मी जमिनीवर पडून तुझ्याकडे बघत होतो. तू हात वर करून धावत होतास. त्या क्षणी माझ्या पोटात जी आग पडली होती, ती कुणी यंत्राने मोजली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

वरच्या विभागात जायचं ज्यांचं हुकलं, त्या क्लबाने तक्रार केली. दोघं गाववाले, आदल्या दिवशी एकत्र जेवलेले, गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू. साटंलोटं झालं म्हणे. लीगच्या शिस्तपालन समितीने आपल्या दोघांना बोलावलं.

तू क्लबाच्या वकिलाबरोबर आलास. माझ्या क्लबाने सांगितलं होतं, तुझं तू बघ. लांब टेबलाच्या एका बाजूला पाच माणसं, दुसऱ्या बाजूला आपण, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून. त्यांनी अंगणातला तो फोटो टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी मला विचारलं, तुमची इतकी जवळची मैत्री आहे का? मी म्हटलं, लहानपणापासूनचे मित्र आहोत. झालं. त्या एका वाक्याने मी बुडालो. तुला विचारलं तेव्हा तुझ्या वकिलाने उत्तर दिलं. माझे अशील चर्चच्या सणाला गावातल्या अनेकांना जेवू घालतात.

मला तिथं काय सांगायचं होतं, ऐक. साहेब, हा माणूस गोल करतो तेव्हा मला तो दिसेनासा व्हावा असं वाटतं. याला अडवण्यासाठी मी आयुष्यभर दोन खांबांमध्ये उभा राहिलो, आणि याच्याच मोठेपणासाठी मी हात सैल सोडीन? माझा मत्सर हाच माझा पुरावा होता. पण तू एक खुर्ची सोडून बसला होतास. तुझ्यासमोर ते कसं बोलणार? मी मान खाली घालून बसलो आणि मान खाली घालणारा माणूस दोषीच दिसतो.

निकाल आला. माझ्यावर दोन वर्षांची बंदी. तुझ्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही. फोटो एकच, जेवण एकच, मॅच एकच. म्हणजे मी तुझ्याशी संगनमत केलं होतं, पण तू माझ्याशी केलं नव्हतंस. मी तो कागद वाचून हसलो, खरंच हसलो. लग्न एकट्याने लागत नाही, भांडण एकट्याने होत नाही, पण लीगच्या नियमात साटंलोटं एकट्याने होत होतं.

तिशीतल्या गोलकीपरला दोन वर्षं म्हणजे कायमचंच. अपील करायचं तर वकील हवा, मोठ्या माणसाचा शब्द हवा. मी भुईगावच्या किनाऱ्यावर तुला गाठलं, आठवतं? सुरूच्या झाडांखाली तू लोर्नाबरोबर उभा होतास, तुमचं नुकतंच ठरलं होतं. ती बाजूला जाऊन थांबली. मी विचारलं, तिथं गप्प का बसलास? तू वाळूत बुटाने रेघ ओढत म्हणालास, ‘वकिलाने सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोल.’

‘आणि माझं काय?’

‘कॉन्ट्रॅक्ट संपू दे, नऱ्या. मग मी बोलतो. सगळ्यांसमोर बोलतो.’

कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरं आलं. तेही संपलं. तू वरच्या विभागात खेळलास, तुझा आवाज टीव्हीवर आला, शाळांनी तुला बक्षीस वाटायला बोलावलं. मी वसई पूर्वेच्या गाळ्यात सुपरवायझर झालो, व्हॉल्व्ह तपासायचे आणि पास-नापास करायचे. केस कापायला गेलो तरी खुर्चीतला कुणीतरी हसत विचारायचा, काय नरेश, सध्या गोलचा भाव काय? बाबांनी मात्र एका शब्दाने विचारलं नाही. फक्त मैदानावर यायचे थांबले. मी समजलो ते समजलो.

तू वाईट वागलास असंही मला म्हणता येत नाही, हीच तर तुझी पंचाईत. माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्रंदिवस तू हॉस्पिटलात होतास. माझ्या मुलाला बूट तू आणायचास, आणि माझा मुलगा माझ्यापेक्षा तुझ्याच गोष्टी सांगायचा. मी तुझे उपकार घेत राहिलो आणि जळत राहिलो. मध्येच कधी दोन पेग झाले की विचारायचो, बोलणार होतास ना? तू म्हणायचास, बोलीन रे. आणि विषय केळीवर, नाहीतर रस्त्यावर जायचा.

मग लीगने तुलाच त्या समितीवर घेतलं, माजी खेळाडू म्हणून. त्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर. पेढे द्यायला तू घरी आलास, मी दारातच पेढा घेतला आणि आत बोलावलं नाही. एका मोसमानंतर तुझं नाव समितीत नव्हतं. तुला कंटाळा आला असेल किंवा काढलं असेल, मी विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी चर्चमध्ये तुझ्यासाठी महिन्याची मिस्सा झाली. बाहेर लोर्ना लोकांचे हात हातात घेत होती. तिने मला खुणेने बोलावलं आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या उंच माणसाची ओळख करून दिली. संग्राम, कोल्हापूरचा, लीगमध्ये गोलकीपर आहे. हाताचे पंजे बघूनच मला कळलं होतं. त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. मला ते आवडलं नाही.

‘तुम्हीच नरेशदादा न्हवं?’ तो म्हणाला. ‘तुमच्यामुळं मी अजून खेळतोय बघा.’

आम्ही विहिरीजवळच्या बाकावर जाऊन बसलो. त्याची गोष्ट मला ऐकायच्या आधीच पाठ होती. समोरच्या क्लबात त्याचा मावसभाऊ फॉरवर्ड. एक साधा चेंडू सुटला, तक्रार झाली. मावसभावाचा क्लब मोठा, त्याच्याबरोबर वकील. हा एकटा. समितीचं सगळं ठरल्यासारखं होतं, त्याला अडकवायचं आणि मावसभावाला सोडायचं. तेव्हा तू बोललास. एक तर दोघं दोषी, नाहीतर दोघं निर्दोष, एकट्याने साटंलोटं होत नाही, असं म्हणालास. अध्यक्ष म्हणाले, हे तुमचं वैयक्तिक मत झालं. तेव्हा तू उभा राहिलास.

पुढचं संग्रामने जसंच्या तसं सांगितलं. त्याला ते तोंडपाठ होतं. तू म्हणालास, ‘मीही एकदा या टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो. आरोप दोघांवर एकच होता. माझ्याकडे वकील होता, मी सुटलो. माझा मित्र नरेश एकटा होता, तो अडकला. त्या माणसाला माझा गोल कधी बघवला नाही. शाळेपासून नाही. मला गोल देण्यापेक्षा त्याने बोटं मोडून घेतली असती. मला हे तेव्हा माहीत होतं आणि मी गप्प बसलो.’

संग्राम आणि त्याचा मावसभाऊ, दोघंही सुटले. पुढच्या मोसमात तुला समितीवर बोलावलं नाही.

मी संग्रामला विचारलं, हे चारचौघांत सांगशील का, इथं, गावात? तो ओशाळला. समितीतलं बाहेर बोलायचं नाही अशी सही घेतात, म्हणाला. अजून खेळायचं आहे, घरी लहान मुलगी आहे. मी म्हटलं, राहू दे.

आता तुला वाटेल, मी तिथं बसून ढसाढसा रडलो असेन, तुला माफ केलं असेन. नाही, मेल्विन. मला त्या कोल्हापूरच्या पोरगेल्या माणसाचा असा हेवा वाटला की बाकावरून उठवेना. माझ्यासाठी जे बोलायला तुला उभं आयुष्य पुरलं नाही, ते तू त्याच्यासाठी उभं राहून बोललास. ज्यांना मी कोण हे ठाऊक नाही अशा माणसांसमोर तू माझं नाव घेतलंस. त्यांनी ऐकलं, त्याने ऐकलं, मी तेवढा राहिलो. लोर्नाला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मला वाटलं, तुला आधीच सांगितलं असेल.’

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तुला माहीत होतं. पाठीवर थाप मारायला मी पळत यायचो, तेव्हाही तुला माहीत होतं. तरी तू मला मटण-फुगे खायला बोलावलंस, माझ्या मुलाचे बूट आणलेस. ज्याला आपलं चांगलं बघवत नाही त्याला जन्मभर जवळ ठेवायचं, हे मला जमलं नसतं. याबद्दल आभार मानायला हवेत. ते मानतो, पण दात आवळून.

मागच्या रविवारी भुईगावच्या मंडळाने तुझ्या नावाने स्पर्धा ठेवली. माईकवरच्या माणसाने मला ‘मेल्विनचे जिवलग मित्र’ म्हणून बोलावलं. बाबा पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत काठी धरून बसले होते. इतक्या वर्षांनी मैदानात आले होते, ते तुझ्यासाठीच, हे मी समजून होतो. लोक दोन चांगले शब्द ऐकायच्या तयारीत होते. मी घरून पाठ करून आलेलं काही आठवेना.

मी म्हटलं, ‘मला मेल्विनचा हेवा वाटायचा.’

काही जण हसले. त्यांना वाटलं, मित्राचं कौतुक चाललं आहे. मी पुढे सांगत गेलो. तुझा डावा पाय, बाबांचं कुंपणाला टेकून बघणं, मी गोलमध्ये का गेलो ते. तुझा प्रत्येक गोल मला कसा लागायचा ते. संग्रामचं काहीच सांगितलं नाही, फक्त माझं सांगितलं. हसणारे थांबले. लोर्ना माझ्याकडे टक लावून बघत होती. मागून कुणीतरी विचारलं, कोण ते दिसलं नाही, ‘मग ती मॅच?’

‘आता तुम्हीच सांगा,’ म्हणालो आणि माईक ठेवला.

टाळ्या वाजल्या नाहीत. एक-दोघांनी मान हलवली. केस कापणारा अंतोन, ज्याच्या दुकानात मला सगळ्यात जास्त टोमणे बसले, तो माझ्यासमोरून जाताना थांबला आणि माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन गेला.

मग बाबांना स्कूटरवर मागे बसवून पापडीला निघालो. त्यांनी काठी मांडीवर आडवी धरली होती. आमच्या वाडीअलीकडच्या चर्चच्या वळणावर म्हणाले, ‘त्यात नवं काय सांगितलंस? मेलविननं गोल मारला का तू जेवनावरून उठून जायाचास. मी बघत होतो ना.’

मी स्कूटर कडेला घेतली. विचारलं, मग कमिटीपुढे येऊन सांगायचं होतंत की बाबा.

‘काय सांगू? माझा पोरगा त्याच्यावर जलतो, म्हनून तो चोर नाय? एक डाग पुसाया दुसरा लावायचा काय?’

मला वाटायचं, मॅच सोडली म्हणून ते मैदानावर यायचे थांबले. मी तसं म्हटलं, तर ते चिडले. लोक काहीबाही बोलायचे, ऐकवायचं नाही, हात उठला असता, म्हणून थांबलो, म्हणाले.

म्हणजे ज्या एका गोष्टीने मी सुटलो असतो, ती माझ्याशिवाय तुम्हा दोघांनाही ठाऊक होती, आणि मी ती तुम्हा दोघांपासूनच लपवत होतो. बाबा माझी लाज राखायला गप्प बसले. तू त्या टेबलाशी कशासाठी गप्प बसलास, माझी लाज राखायला की तुझं कॉन्ट्रॅक्ट, ते मला ठरवता येत नाही. बाबांना विचारलं.

‘ते त्याला इचारायचं,’ बाबा म्हणाले, आणि स्कूटरवरून सावकाश उतरून वाडीकडे गेले, केळीला पाणी सोडायला.

म्हणून तुला विचारतो आहे.